लोकलचा प्रवास, स्टेशनचं वाय-फाय आणि मोबाइलचा डबा

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)



आधी एक प्रश्न. हा भाग तुम्ही आत्ता जो ऐकताय, तो फोनमध्ये आधी उतरवून घेतलाय, की थेट नेटवरून ऐकताय? आणि लोकलमध्ये आहात का? कारण लोकलमध्ये असाल आणि थेट ऐकत असाल, तर पुढच्या पाच-सात मिनिटांत कुठेतरी माझा आवाज अडकणार, ते गोल चक्र फिरणार आणि तुम्ही वैतागून दुसरं काहीतरी लावणार. आजचा विषय तोच आहे. रेल्वेच्या रोजच्या प्रवासात हातातला मोबाइल, त्यातलं वाय-फाय, त्याचा खरा उपयोग काय, कुठे तो उपयोगी पडत नाही, आणि कुठे तो जिवावर बेततो.

मी मुख्यतः मुंबईच्या उपनगरी रेल्वेबद्दल बोलणार आहे. रोज सत्तर लाखांहून जास्त प्रवासी. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याण ५४, आणि पुढे कर्जत-कसाऱ्यापर्यंत शंभरच्या वर. आता बदलापूरच्या माणसाचा हिशेब करा. जायला दीड तास, यायला दीड तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५ तास झाले. म्हणजे महिन्यातले तीन अख्खे दिवस, रात्रीसकट, माणूस गाडीत असतो. एवढा वेळ आपण कशात घालवतो हा काही छोटा प्रश्न नाही.

पूर्वी या वेळाचं काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे. भजनी मंडळं, पत्ते, पेपरची चार ठिकाणी घडी घालून वाचन, लेडीज डब्यात भाजी निवडणं. ते पूर्ण गेलेलं नाही. पण आज कुठल्याही डब्यात नजर टाका, दहातले आठ जण मोबाइलमध्ये मान घालून असतात. मी त्याबद्दल गळा काढणार नाही. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेल्या माणसाने मोबाइल बघायचा नाही तर काय करायचं?

स्टेशनवरचं वाय-फाय आलं कसं?

थोडा इतिहास. साधारण २००६-०७ च्या सुमारास वाय-फाय असलेले फोन आपल्याकडे दिसायला लागले. नोकियाचा एन-९५ आठवतोय? तेव्हा फोनमध्ये वाय-फाय असणं म्हणजे श्रीमंती. आणि वाय-फाय असून करायचं काय, कारण ते होतं कुठे? घरी ब्रॉडबँड असलं तर घरी, नाहीतर ऑफिसात. स्टेशनवर काहीच नव्हतं.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला पहिल्यांदा गूगल आणि रेलटेल यांनी मिळून फुकट वाय-फाय सुरू केलं. रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी. रुळांच्या कडेने तिची ऑप्टिकल फायबर केबल देशभर टाकलेली आहे, म्हणून हे काम तिला शक्य झालं. जून २०१८ मध्ये आसामच्या दिब्रूगडला चारशेवं स्टेशन जोडलं गेलं. तेव्हाचं दृश्य आठवा. संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या बाकड्यांवर कॉलेजची पोरं बसलेली, गाडी पकडायची नाहीच, सिनेमा डाउनलोड करायला आलेली!

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मोबाइल डेटाचे भाव कोसळले. आधी महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारा माणूस दिवसाला एक-दीड जीबी वापरायला लागला. मग स्टेशनच्या वाय-फायसाठी कोण थांबणार? फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने यातून हळूहळू बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि कारण हेच दिलं की आता डेटा स्वस्त झालाय, गरज पूर्वीसारखी राहिली नाही. सेवा मात्र बंद पडली नाही. रेलटेलने ती ‘रेलवायर’ नावाने चालू ठेवली आणि आता सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ती आहे.

वापरायची पद्धत सोपी. वाय-फाय चालू करायचं, यादीतलं रेलवायर निवडायचं, ब्राउझरमध्ये पान उघडतं, तिथे मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकला की झालं. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट, वेग १ एमबीपीएस. त्याहून जास्त हवं तर पैसे. २०२१ मध्ये प्रीपेड प्लॅन आले तेव्हा सुरुवात १० रुपयांपासून होती.

आता १ एमबीपीएस म्हणजे किती ते सांगतो, कारण हे आकडे ऐकले की आपण नुसती मान हलवतो. हा वेग बिटमध्ये असतो, आपली फाइल बाइटमध्ये. आठाने भागायचं. म्हणजे मिनिटाला साधारण साडेसात एमबी. एका तासाचा ऑडिओ चांगल्या दर्जाचा असला तरी साधारण ५८ एमबी. म्हणजे आठ मिनिटांत उतरला. अर्ध्या तासात सव्वादोनशे एमबी. सिनेमाला ते पुरणार नाही, पण ऐकायला, वाचायला, अभ्यासाच्या नोट्स घ्यायला हे पुष्कळ आहे.

मग लोकलमध्ये बसल्यावर ते का चालत नाही?

हा प्रश्न अनेकांना पडतो. प्लॅटफॉर्मवर वाय-फाय दिसतं, मग दादरला गाडी थांबली की जोडून घेऊ, पुढच्या स्टेशनला पुन्हा जोडलं जाईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण होत नाही. का?

पहिलं कारण वेळ. लोकल स्टेशनात थांबते वीस-तीस सेकंद. तेवढ्यात फोनने नेटवर्क शोधायचं, जोडणी मागायची, पत्ता मिळवायचा, मग ते पान उघडणार, मग ओटीपी येणार. ओटीपी येईपर्यंत गाडी माटुंग्याला! आणि फास्ट गाडी न थांबता स्टेशनातून जात असेल तर गणित बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. बारा डब्यांच्या गाडीचा प्लॅटफॉर्म धरा २७० मीटर. सोळा सेकंदांत स्टेशन संपलं.

दुसरं कारण, वाय-फाय मुळात धावणाऱ्या माणसासाठी बनलेलंच नाही. ते घरासाठी, ऑफिससाठी, कॅफेसाठी, म्हणजे एका जागी बसलेल्या माणसासाठी बनलं. मोबाइल नेटवर्कचं उलट आहे. तिथे एक टॉवर सुटायला लागला की पुढचा टॉवर तुम्हाला अलगद उचलून घेतो. रिले शर्यतीत बॅटन देतात ना, तसं. म्हणून फोनवरचं बोलणं घाटकोपर ते ठाणे चालू राहतं. वाय-फायमध्ये ही देवाणघेवाण एका इमारतीपुरती बरी चालते, पण विक्रोळी आणि कांजूरमार्गच्या मध्ये काही नाहीच तर बॅटन देणार कोणाला?

तिसरं कारण आपण स्वतः. लोकलचा डबा म्हणजे धातूची पेटी. आणि गर्दीच्या वेळी त्यात किती माणसं? रेल्वेच्या भाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभे असलेले चौदा ते सोळा प्रवासी. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी, आणि वाय-फायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. तुमच्या आणि अँटेनाच्या मध्ये पंधरा माणसं म्हणजे पाण्याची भिंतच की! शिवाय त्या सगळ्यांचे फोन त्याच वेळी, त्याच टॉवरकडे मागणी करतायत. म्हणून मोबाइल डेटासुद्धा सकाळी साडेआठला रांगतो आणि दुपारी दोनला पळतो.

मग गाडीतच वाय-फाय का देत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. २०१३ मध्ये हावडा राजधानीत उपग्रहामार्फत वाय-फाय देऊन बघितलं. पुढे २०२१ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की हा प्रकल्प खर्चाच्या मानाने परवडत नाही, म्हणून सोडून दिला.

आणखी एक वेगळा प्रयत्न आपल्याकडेच झाला आणि मला तो जास्त डोकेबाज वाटतो. २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या काही लोकल गाड्यांच्या डब्यात छोटे सर्व्हर बसवले गेले. त्यात सिनेमे, मालिका, गाणी आधीच भरून ठेवलेली. तुम्ही फोनचं वाय-फाय त्या डब्यातल्या पेटीला जोडायचं आणि बघायचं. इंटरनेट लागत नाही, टॉवर लागत नाही, बोगदा आला तरी चालतं. कारण वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! वाय-फाय म्हणजे फक्त बिनतारी दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला इंटरनेट असेल नाहीतर नुसती सिनेमांची पेटी असेल. हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ गोंधळ मिटतो.

मोबाइलचा डबा

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यातून मला एकच साधी गोष्ट सांगायची आहे. आपण जेवणाचा डबा घरून भरून नेतो. गाडीत चूल पेटवत नाही. मोबाइलचंही तसंच करा. जिथे स्थिर वाय-फाय आहे तिथे भरून घ्या, गाडीत नुसतं खा.

घरी वाय-फाय असेल तर रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. घरी नसेल आणि ऑफिसात वापरायची परवानगी असेल तर निघताना. तेही नसेल तर स्टेशनचा तो अर्धा तास. गाडी लेट आहे, इंडिकेटरवर तेच ते आकडे लटकलेत, तेव्हा तो अर्धा तास सोन्यासारखा आहे. फक्त जिन्याच्या तोंडाशी आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून नको. बाकड्यावर बसा किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहा.

डब्यात काय काय भरायचं?

ऐकायचं सगळं. पॉडकास्ट, व्याख्यानं, ऑडिओबुक, गाणी. बहुतेक ॲपमध्ये खाली बाण असलेली खूण असते, ती दाबली की फाइल फोनमध्ये येते. सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड करा’ हा पर्याय चालू ठेवला की डेटाही वाचतो.

वाचायचं. पेपरची पीडीएफ, ई-पुस्तक, ब्राउझरमध्ये उघडून ऑफलाइन ठेवलेले लेख.

प्रवासाची माहिती. एम-इंडिकेटरसारख्या ॲपचं वेळापत्रक नेट नसतानाही उघडतं, पण ते वेळोवेळी अपडेट केलेलं पाहिजे. रविवारचा मेगाब्लॉक शनिवारी रात्री घरी बघून घ्या. रविवारी सकाळी नातेवाइकांच्या लग्नाला निघाल्यावर प्लॅटफॉर्मवर बघून उपयोग नाही. नकाशेही आधी उतरवून ठेवता येतात.

आणि तिकीट. हे नीट ऐका. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट मुंबईत २०१५ पासून मिळतं. १ जुलै २०२५ ला रेल्वेने ‘रेलवन’ हे एकत्र ॲप आणलं, त्यातूनही काढता येतं. पण हे तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर नेहमीच्या पद्धतीने काढता येत नाही. फोनच्या जीपीएसवरून ॲपला कळतं की तुम्ही आत आहात, आणि ते नकार देतं. टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांसाठी केलेली ती सोय आहे!  तेव्हा घरातून निघतानाच काढा. तिकीट त्या फोनमध्येच साठवलेलं असतं, ॲपमधूनच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं. बॅटरी गेली हे टीसीला सांगून बघा, तो बिचारा दिवसातून वीस वेळा हेच ऐकतो.

त्यावरून बॅटरी. सिग्नल कमजोर असेल तेव्हा फोन जास्त ताकद लावून टॉवरशी बोलायचा प्रयत्न करतो आणि बॅटरी लवकर संपते. वाय-फाय चालू असेल तर तो सारखा नवीन नेटवर्क शोधत राहतो. कर्जत-खंडाळा घाटातल्या बोगद्यांमधून रोज पुण्या-मुंबईला ये-जा करणाऱ्यांना हा अनुभव आहे. डबा भरलेला असेल तर सरळ फ्लाइट मोड लावा आणि ऐका. अर्धी बॅटरी वाचते असं म्हणत नाही, पण फरक नक्की जाणवतो.

बॅटरीचं महत्त्व कशासाठी? ज्यांनी २६ जुलै २००५ बघितलाय त्यांना सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. गाड्या जागच्या जागी उभ्या, फोन लागत नाहीत, लोक रुळांवरून चालत निघालेले. आजही पावसाळ्यात एखाद्या दिवशी कुर्ला-शीव भागात पाणी भरतं आणि गाडी दोन-दोन तास उभी राहते. त्या वेळी घरी एक निरोप पोचवण्याइतकी बॅटरी फोनमध्ये हवी. सिनेमा बघून ती संपवलेली नसावी. वीस टक्क्यांची लक्ष्मणरेषा ठरवून टाका.

फुकटचं नेटवर्क आणि आपली माहिती

आता काळजीचा भाग. सार्वजनिक वाय-फाय धोकादायक आहे का? या बाबतीत दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो काही होत नाही. दुसरा म्हणतो हात लावलास तर बँक खातं रिकामं. दोन्ही खरं नाही.

आज बहुतेक वेबसाइट आणि बँकेची ॲप तुमची माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला ती सहज वाचता येत नाही. धोका वेगळा आहे. कोणीही आपल्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करून त्याला स्टेशनसारखं नाव देऊ शकतो. ‘फ्री स्टेशन वाय-फाय’. तुम्ही जोडता, एक पान उघडतं, ते अगदी खऱ्यासारखं दिसतं, आणि तुमचा ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागतं. तिथे फसगत होते. लक्षात ठेवायचा नियम असा, की फुकटच्या अर्ध्या तासासाठी फक्त मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो. पासवर्ड, कार्ड, आधार, जन्मतारीख, यातलं काहीही मागितलं की बंद करा. पैशांचे व्यवहार शक्यतो मोबाइल डेटावर करा. काम झालं की ते नेटवर्क ‘फरगेट’ करा, म्हणजे फोन पुढच्या वेळी आपणहून कोणाच्याही दारात जाऊन उभा राहणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार जणांना माहीत नसते. वाय-फायला जोडलं नाही तरी, नुसतं चालू असलं तरी, फोन आजूबाजूला हाका मारत असतो, ‘कोणी आहे का, कोणी आहे का?’ या हाकांवरून फोन कुठून कुठे गेला ते कळू शकतं. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार आठवडे ५४ स्टेशनांवर हा प्रयोग केला. प्रवाशांना फलक लावून सांगितलं होतं. ५६ लाख फोनांकडून ५० कोटींहून जास्त नोंदी मिळाल्या. आणि काय कळलं? किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू या दोन स्टेशनांच्या मध्ये लोक किमान १८ वेगवेगळ्या मार्गांनी जातात! तिकिटावरून फक्त आत कुठे शिरला आणि बाहेर कुठे पडला एवढंच कळतं. मधली गर्दी कुठे होते हे वाय-फायने दाखवलं. २०१९ पासून तिथे हे कायमचं सुरू झालं.

याचा उपयोग चांगला आहे, गर्दीचं नियोजन करता येतं. पण उद्या हीच माहिती कोणी न विचारता गोळा केली तर? म्हणून नवीन फोन आता प्रत्येक ठिकाणी वेगळा, बनावट पत्ता सांगतात. तुमच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘रँडम मॅक’ किंवा ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ असा पर्याय असतो, तो चालू आहे ना बघा. आणि गरज नसेल तेव्हा वाय-फाय बंद. घरातला दिवा आपण बंद करूनच निघतो ना?

ताईंसाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, आणखी एक. एअरड्रॉप किंवा क्विक शेअर ‘सगळ्यांसाठी’ उघडं ठेवू नका. ब्लूटूथ आणि वाय-फाय वापरून जवळच्या कोणालाही त्यातून फोटो पाठवता येतो, आणि गर्दीत घाणेरडे फोटो पाठवणारे नग असतात. लेडीज डब्याची जाळी माणसाला अडवते, लहरींना अडवत नाही. ‘फक्त ओळखीचे’ एवढंच ठेवा. आणि फोनचं नाव स्वतःच्या पूर्ण नावाने ठेवलं असेल तर बदला. समोरच्याला तुमचं नाव फुकट कशाला सांगायचं?

दारात फोन नको

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. बाकी विसरलात तरी चालेल.

दारात उभं राहून फोन वापरू नका.

फटका गँग हा शब्द मुंबईकरांना नवीन नाही. रुळांच्या कडेला, सिग्नलच्या खांबाजवळ, गाडीचा वेग कमी होतो अशा जागी काठी घेऊन पोरं उभी असतात. दारातल्या माणसाच्या हातावर फटका मारायचा, फोन खाली पडला की उचलून पसार. फोन गेला तर पंधरा-वीस हजार गेले. पण त्या फटक्याने हात सुटला तर? किंवा फोन पकडायला माणूस पुढे झुकला तर? फोनच्या मागे चालत्या गाडीतून उडी मारली तर? या तिन्ही गोष्टींनी माणसं दगावली आहेत, हातपाय गमावले आहेत.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. दिवसाला सहा-सात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून, ही दोन मोठी कारणं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. तो प्रकार मोबाइलमुळे झाला असं कोणी म्हणत नाही. पण दारातली जागा किती नाजूक असते हे त्याने पुन्हा दाखवलं. दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस जिथे पडू शकतो, तिथे आपण एका हाताने रील वर सरकवत उभे राहतो.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, ‘आत शिरायला जागा असती तर दारात कोण उभं राहिलं असतं?’ खरं आहे. गर्दी हा तुमचा दोष नाही. जास्त गाड्या, बंद होणारे दरवाजे, कामाच्या वेळांमध्ये बदल, या मागण्या रास्त आहेत आणि त्या करत राहिल्या पाहिजेत. पण ते होईपर्यंत, आज संध्याकाळच्या गाडीत, एक गोष्ट आपल्या हातात आहे. दारात असेपर्यंत फोन पुढच्या खिशात किंवा छातीवरच्या बॅगेत. बायको फोन करतेय? करू दे. ठाण्याला उतरल्यावर ‘अगं, दारात होतो’ एवढं सांगितलं की ती रागावणार नाही.

आणि कानातली ती दोन बोंडं. रूळ ओलांडणं मुळातच गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. इयरफोन लावलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. एका रुळावरची गाडी गेली म्हणून तो पुढे टाकतो पाऊल, आणि दुसऱ्या रुळावरून दुसरी येत असते. पुलावरून जायला चार मिनिटं जास्त लागतात. प्लॅटफॉर्मवर चालतानाही एक कान मोकळा ठेवा, गाडी ऐन वेळी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आली तर उद्घोषणा तरी ऐकू येईल.

फोन गेलाच तर? त्याच्या मागे धावू नका, साखळीच्या गडबडीतही लगेच पडू नका. कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, किती वाजता, हे लक्षात ठेवा. पुढच्या स्टेशनला उतरून लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार नोंदवा. रेल्वेची हेल्पलाइन १३९, लोहमार्ग पोलिसांची १५१२. मग कोणाच्या तरी फोनवरून सिम बंद करून घ्या, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. त्यानंतर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर जाऊन आयएमईआय नंबर देऊन हँडसेटच ब्लॉक करता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी तो नंबर आधी माहीत हवा. आत्ताच, म्हणजे दारात नसाल तर आत्ताच, *#०६# दाबा, नंबर दिसेल, तो घरी कागदावर लिहून ठेवा. फोनमध्येच लिहून ठेवू नका, नाहीतर फोनबरोबर तोही गेला!

शेजारी माणूस असतो

शेवटचा छोटा मुद्दा, आवाजाचा. सकाळी सव्वासातच्या गाडीत रात्रपाळी करून आलेली नर्स असते, परीक्षेला निघालेली मुलगी असते, आणि एक काका मोठ्या आवाजात जोकचे व्हिडिओ लावून बसलेले असतात. भांडू नका. ‘काका, जरा हेडफोन लावता का? या ताई झोपल्यात,’ असं म्हटलं की दहातले नऊ जण ‘हो हो, सॉरी’ म्हणून आवाज बंद करतात. दहावा करत नाही. तो लोकल नसती तरी तसाच असता.

आणि हा वेळ कोणी कसा वापरला याची एक गोष्ट सांगतो. २०१८ मध्ये केरळातल्या एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाची बातमी आली होती. डोक्यावर ओझं आणि कानात इयरफोन. स्टेशनच्या फुकट वाय-फायवर तो धडे उतरवून घ्यायचा, ओझं वाहताना ते ऐकायचा, मनातल्या मनात उत्तरं म्हणायचा आणि रात्री उजळणी करायचा. राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा तो पास झाला. महागड्या पुस्तकांना आणि क्लासला पैसे नसताना त्याने हे केलं. त्याने काय केलं बघा, डबाच भरून घेतला की! वाय-फाय सगळ्या प्रवाशांना सारखंच मिळत होतं.

सगळ्यांनी परीक्षाच द्यावी असं मी म्हणत नाही. दिवसभर राबून परत येताना कोणाला जुनी गाणी ऐकावीशी वाटली, कोणाला नुसते डोळे मिटून पडावंसं वाटलं, तर तोही वेळेचा चांगलाच उपयोग. फक्त ते आपण ठरवलेलं असावं. महिन्याचे ७५ तास आहेत. ते आपल्या मर्जीने गेले पाहिजेत, पुढची रील लावणाऱ्या ॲपच्या मर्जीने नाही.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या गाडीत, तुमच्या ग्रुपमध्ये या वेळाचा काही वेगळा उपयोग होत असेल, कोणी भाषा शिकतंय, कोणी वाचनाचा गट चालवतंय, तर नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. हा भाग आवडला तर तुमच्या लोकलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. विशेषतः त्या मित्राला पाठवा, जो रोज दारात उभा राहून मेसेज करतो.

पुढच्या आठवड्यात भेटू. सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.